पडद्यामागचा पाणघोडा

— अहो मॅडम, पडदा नका ना उघडू! म्हणजे उघडा, तुम्ही परीक्षक, छातीवर बिल्लाच आहे, तुम्हाला कोण अडवणार — पण आत्ता नको. प्राण्यांची झोपायची वेळ आहे. मुलं आत्ता येतात. हां, हे एकच वाक्य मी बोलायचं, असं बजावून गेलीय आमची लेक — "बाबा, परीक्षक आले तर म्हणायचं, मुलं आत्ता येतात, आणि गप्प बसायचं." झालं, बोललो. आता मी गप्प. डबा खायला गेलेत हो चौघं, येतीलच. बसा ना. नाही, त्या खुर्चीवर नको, तिला डिंक लागलाय.

तर तुम्हाला माहीतच असेल, हे सगळं मनातलं प्राणिसंग्रहालय — प्रत्येक गटाने आपलं आपण योजायचं आणि पुठ्ठ्याचं उभं करायचं. त्यांच्या बाईंनी म्हणे गटात चार कामं वाटून दिली — एकाने प्राण्याचा विचार करायचा, एकाने बघायला येणाऱ्याचा, एकाने झाडलोट करणाऱ्याचा, आणि चौथ्याने नुसतं नाही म्हणायचं. खरंच! कुणी काही सुचवलं की हा म्हणणार, नाही, असं का? पटवून द्या. आमची लेक नाही म्हणणारी. चिठ्ठ्या टाकून ठरवलं — चिठ्ठ्या कशाला हव्यात, मला विचारलं असतं तर जन्मापासूनचे दाखले दिले असते. पण काम महत्त्वाचं हं ते. शेजारचं टेबल बघितलंत? त्यांनी प्राणी अक्षरांच्या क्रमाने लावलेत. वाघ, मग शेळी, मग ससा. वाघाला नुसतं पान वाढून ठेवलंय! त्यांचा नाही म्हणणारा त्या आठवड्यात आजारी होता.

आमच्या बाईसाहेब मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, नाही — प्राण्याला विचारलंय का कुणी, त्याला लोकांनी बघितलेलं चालेल का म्हणून? आता पाणघोड्याला कोण विचारणार? पण ती हटून बसली, आणि बाकीचे तिघे पटवून देऊ शकले नाहीत. म्हणून हे पडदे. दोरी प्राण्याच्या बाजूला. त्याचं मन असेल तर त्याने पडदा सारायचा, नसेल तर पाहुण्याने पाटी वाचून घरी जायचं — आणि पडदे म्हटल्यावर मग कुणाची आठवण येणार? पडद्यांचंच दुकान आहे माझं. चुण्या बघा, चुण्या! एवढ्याशा पडद्याला अस्तर लावलंय, आणि कड्या पितळेच्या. नऊ पिंजरे, नऊ पडदे. खरं सांगू? ती आपणहून म्हणाली, "बाबा, पडदे तू शिवशील?" — मी दुकानात गिऱ्हाईक सोडून टाळी वाजवली. कारण गेल्या वर्षी ज्वालामुखीला मी थोडा हात लावला होता, आणि शाळेला हा हॉल रंगवून घ्यावा लागला. तेव्हापासून तिच्या शाळेच्या कामाला मी दुरून नमस्कार करत होतो. यंदा तिने मला टेबलापाशी उभं केलंय. राखणीला. माझ्यासाठी बक्षीस म्हणाल तर हेच.

आँ? वास? कसला वास? छे, पाणघोड्याचा असेल. पाणघोड्याला वास येतोच. पण इतक्या लवकर यायला नको होता, सकाळीच तर सोलला — धुतला. धुतला म्हणतोय मी.

मॅडम, तो पडदा सोडा. तुम्हाला मुलंबाळं आहेत का? मग तुम्हाला कळेल. प्राणी मुलांनी फार सुंदर केले होते हो. मातीचे. हत्तीच्या पायाला नखंसुद्धा. वाळायला आमच्याकडे ठेवले, सावलीत ठेवा म्हणाली, हळूहळू वाळू देत. पण हवा अशी दमट, हत्तीला बोट लावलं तर बोट आत जातंय! आता हे प्रदर्शनापर्यंत वाळणार कधी, या काळजीने मी काल दुपारी आठही प्राणी उचलले आणि दुकानाच्या पत्र्यावर ठेवले, टळटळीत उन्हात. काय वाईट हेतू होता का? तासाभराने जाऊन बघतो तर — हत्तीची सोंड एकीकडे, हत्ती एकीकडे. जिराफाची मान मोडली ती मोडली, मी डिंकाने चिकटवायला गेलो तर ती पाणघोड्याला बसली. आणि असली पक्की बसली! आमची ही तर म्हणाली, राहू दे, नवीन प्राणी म्हणून खपेल. हसत होती हो. बायकोच हसायला लागल्यावर नवऱ्याने जायचं कुठे?

मग मी स्वयंपाकघरात गेलो. बघा, आता कळलंच आहे तर बघा, पण हळू सारा. हा पाणघोडा. बटाटा आहे, हो. दोन लवंगा म्हणजे डोळे. अंधारात बघितलं तर — नाही, अंधारातही बटाटाच. हा अजगर, पडद्याची गोंड्याची दोरी, हा मात्र मूळच्यापेक्षा बरा झालाय. कासव म्हणजे अक्रोडाचं कवच. साळिंदर म्हणजे कपडे घासायचा ब्रश. जिराफाला लाकडी चमचा उभा केलाय, आणि हत्ती... हत्तीचं मनावर घेऊ नका. किटलीला सोंड असते एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, पडदे आहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची! तिचाच तर नियम, प्राण्याचं मन नसेल तर दिसायचं नाही. आठही जणांचं आज मन नाही. झालं!

पण सकाळी तिने विचारलं, "बाबा, प्राणी वाळले?" मी म्हटलं, वाळले, आणि पडद्यामागे झोपलेतसुद्धा. तिने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. आणि म्हणाली, "बरं." मॅडम, ती बरं म्हणाली! नाही म्हणणारी मुलगी! आता ती इथे सगळ्यांसमोर पडदा सारणार, आत बटाटा निघणार, आणि ती मला पुन्हा कधी काही शिवायला सांगणार नाही. बक्षीस गेलं खड्ड्यात, मला त्याचं काही नाही. तेवढं तिचं ते "पडदे तू शिवशील?" जाऊ नये.

तो नववा? तो रिकामा आहे. तिथे कोण ठेवायचं यावरून चौघांचं एकमत होईना, म्हणून पाटीसुद्धा उलटी टांगलीय. सारा, सारा, त्यात लपवण्यासारखं काही —

हे काय?

माणूस आहे. मातीचा. पोट बघा, चष्मा बघा, तोंड उघडं. माती ओली आहे अजून, म्हणजे आज इथेच केलाय, वाळायला मला दिलेला नाही. एका हातात डिंकाची बाटली... दुसऱ्या हातात काय आहे ते? गोल. दोन टोचे मारलेत डोळ्यांना. बटाटा. मॅडम, तो बटाटा आहे! म्हणजे यांनी पडदे सारून बघितलंय. सकाळीच. चौघांनी. आणि चौघांचं एकमत झालं.

पाटी सरळ करा हो जरा. वाचतो मी. "बडबड्या. आढळ: आमच्या घरी. खाद्य: दुसऱ्यांचं काम. स्वभाव: फार प्रेमळ. मदत करू देऊ नये. पडदे याच्याकडूनच शिवावेत."

...

नाही, डोळ्यात काही नाही. डिंक गेलाय. पडदा लावा, मॅडम. अहो लावा म्हणतोय ना, नियम आहे — प्राण्याचं आत्ता मन नाही. पाटी वाचलीत ना? मग निघा बघू, तिकडे वाघ-शेळी बघून या.

मुलं आत्ता येतात.