दुसऱ्या डोसाचा मुहूर्त

मंडळी, तिरुवैयारूहून, पापनाशमहून तुम्ही आलात. माझी जीभ किती तिखट, ते तुम्हाला ठाऊक आहे. आज ती उचलत नाही.

रघुनाथराव माझे भावजी, इथे पुढे बसलेल्या अक्काचे यजमान. शाळेत विज्ञान शिकवत. गळ्यात गाठी आल्या, कॅन्सर निघाला. तोवर देशाचा बाजार उघडला होता. परदेशी गाड्या आल्या, परदेशी सोडा आला, तसं मद्रासच्या इस्पितळात परदेशी औषधही आलं. उंदराच्या पेशींपासून केलेलं. ते कॅन्सरच्या पेशींना शोधून चिकटतं, म्हणे. भावजी म्हणाले, "गणपतीचं वाहन रे. मी नुसतं बसायचं."

पहिल्या डोसाने गाठी निम्म्या झाल्या. निम्म्या, मंडळी. अक्काने गल्लीभर शिऱ्यासारखी गोड केसरी वाटली.

दुसरा डोस आठव्या दिवशी होता. पण आपल्या तंजावरच्या मराठी घरांत पंचांगं दोन. तमिळ पंचांगात आडी महिना, शुभ काही नको. तो सरला, तर मराठी पंचांगात तिथी वाईट. दोन्हींना चालणारा दिवस निघाला चोविसावा. विज्ञानाचे मास्तर हसले आणि थांबले.

डोस सुरू होताच हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या. गाठी तशाच. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, शरीराने उंदराला परका म्हणून ओळखलंय, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीत. औषध गाठीपर्यंत पोचतच नाही. आता कितीही दिलं तरी तेच.

तीनशे वर्षांत तंजावरने आपल्याला बाहेर काढलं नाही. या रक्ताला तीन आठवडे पुरले.

वेळेवर आलो असतो तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित. कदाचित तरीही नाही. कुणालाच सांगता येणार नाही.

अक्का, तुला वाटतं तो दिवस भटजींनी काढला. तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. ते बघ, मागे दाराशी बसलेत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही पंचांगं मांडीवर घेऊन मी बसलो होतो. तू त्यांना बोल लावलास, तेव्हा मी शेजारी उभा होतो. गप्प.

शेवटच्या आठवड्यात भावजींपाशी कबूल करायला गेलो. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

सांगितलं, भावजी. तुम्ही गेल्यावर.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत उभे राहू. नंतर कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवायला येऊ नये. अक्का, तुला माझ्याबरोबर उभं राहायचं नसेल, तर बसून राहा.