डोहाळजेवणातला राखाडी स्वेटर

माझ्या डोहाळजेवणाला नोरा काय घालून आली होती, ते तुम्हाला सांगितलंच नाही का मी? नोरा म्हणजे ऑफिसमधली माझी आयरिश मैत्रीण. मी सगळ्यांना मेसेज केला होता, हिरवंच घालून या. आणि ही बाई आमच्या इकडच्या मिल्टन गावच्या ऐन विंटरमध्ये आली राखाडी स्वेटर घालून!

सासूबाई नागपूरहून खास आलेल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला हिरवं सांगितलं नव्हतं का तू?"

नोराला न सांगताच कळलं. "हा हिरव्यातलाच आहे, आजीनं विणलेला. आयरिशमध्ये ह्या रंगाला 'ग्लस' म्हणतात. फार जुना शब्द. गवत ग्लस, धुक्यातला समुद्र ग्लस, आजीची करडी मेंढीसुद्धा ग्लस. आमच्या भाषेत आधी वस्तू येते, मग रंग: मेंढी ग्लस. रंगवलेल्या हिरव्याला मात्र वेगळा शब्द आहे."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई माझ्या हिरव्या साडीकडे, चुड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे हे ग्लस नाही?"

नोरा खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बर्फ आणि नुसतं करडं आकाश. स्वप्नात बोलावं तशी म्हणाली, "नाही. जे आपलं आपण वाढतं, ते ग्लस."

मी तेही मराठीत सांगितलं. ओटी भरायची सासूबाईंची पाळी आली, तेव्हा त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि नोराला चक्क मराठीत हाक मारली, "ये गं, हात लाव. ग्लस इथं आहे."