पेन्शनला सुपारी चालत न्हाई

...आन् म्हणे फोटो जोडीनंच पाहिजे! अरे, काहून? चाकरी कुणी केली? गुरुजींनी. खडूची भुकटी कुणी खाल्ली? गुरुजींनी. जनगणना केली, पोलिओचे डोस पाजले, इलेक्शनची पेटी डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून गेले, ते कोण? आमचे रतनसिंग गुरुजी! मग पेन्शनच्या कागदावर शेजारी बायको बसवायचं काय काम? तुमाला सांगतो, असं गुरुजी शिक्षण खात्याच्या ऑफिसात सोमेश्वर बाबूच्या टेबलासमोर उभं ऱ्हाऊन ताडताड बोलत व्हते... बोलत व्हते म्हणजे मनातल्या मनात. मोठ्यानं बोलायची त्यांची टाप न्हाई. तोंडानं एवढंच म्हणले, "बाबू, एकट्याचा चालंल की हो. हा घ्या, चांगला आलाय."

सोमेश्वर बाबूनं चष्म्यावरून पाह्यलं. "गुरुजी, एकट्याचा बँकेला चालतो, आधारला चालतो, श्रद्धांजलीच्या बॅनरला बी चालतो. पेन्शनला न्हाई. नवरा-बायको एका फोटूत, शेजारी-शेजारी. तुमच्या मागं पेन्शन कुणाला जाणार? त्यांना. मग सरकारनं त्यांना वळखायचं कसं?"

आता तुमी म्हणताल, फोटो काढायला काय जातंय? बायको हाय, बोलवायची, बसवायची, काढायचा. तसं न्हाई ना! तुमाला मुळापासून सांगावं लागंल. गुरुजी मूळचे सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावरचे. मिसरूड फुटायच्या आत लगीन झालं, रुख्मिणीबाई घरात आली, आन् गुरुजींना लागला डी.एड.ला नंबर. घरात तर खायचे वांधे. मग रुख्मिणीबाई सासऱ्यासंगं ऊसतोडीला गेली, मोळ्या वाहिल्या, आन् हे हिकडं वसतिगृहात बसून बालमानसशास्त्र वाचून राहिले. पास झाले, नोकरी लागली, अंगात पॅन्ट-शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिशचा बूट... आन् तिथून पुढं गुरुजींना बायकोची लाज वाटाया लागली.

हां, लाजच! दुसरा शब्द न्हाई मजपाशी. ती अंगठाबहाद्दर, अंगावर फेटिया-कांचळी, म्हंजे बंजारी घागरा-चोळी, त्याच्यावर आरशांचं भरतकाम, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चालली की चांदी वाजायची. तांड्यावर सगळ्या बाया तशाच, तिथं कोण कुणाकडं पाहणार? पण शाळेत? स्टाफरूममध्ये मॅडम लोक पर्सवर मॅचिंग साडी नेसून येतात, तिथं ही आली तर? नुसत्या विचारानं गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. माणूस वाईट न्हाई, बरं का! निर्व्यसनी. पगारातलं बराबर घरी द्यायचा. शनवारी संध्याकाळी तांड्यावर, सोमवारी सकाळी शाळेत, कधी चुकला न्हाई. फक्त बायको तांड्याच्या बाहेर नको.

पहिली शाळा कळमनुरीकडं. "खोली लहान हाय." मंग बदली सेनगावकडं. "पाण्याची तकलीफ हाय." मंग हिंगोलीला आले, हितं टोलेजंग घर बांधलं, नळाला पाणी, गच्चीवर टाकी, आता काय सांगावं? तर म्हणे, "तू आलीस तर शेती कोण पाहील?" पोरगं कुलदीप शिकायला हिंगोलीत आलं, पोरगी पूजा आली, तांड्यावर ऱ्हायली ती एकटी रुख्मिणीबाई. तुमाला सांगतो, उभ्या नोकरीत बदल्या झाल्या त्या गुरुजींच्या, रुख्मिणीबाईची एकदा बी झाली न्हाई!

आन् मग त्या घराची वास्तुशांती. अख्खा स्टाफ जेवायला, सोमेश्वर बाबू बी पंगतीत. भटजी म्हणले, "सपत्नीक बसा." गुरुजींनी असा चेहरा पाडला, असा पाडला... "तिची तब्येत न्हाई हो बरी." भटजी म्हणले, "हरकत न्हाई, सुपारी मांडू." आन् बायकोच्या पाटावर मांडली की सुपारी! तिला हळद, तिला कुंकू, तिच्या शेजारी गुरुजी उपरणं सावरत बसलेले. तब्येत? अहो, बाई टणटणीत! त्या दिवशी ती तांड्यावर कढईपाशी हळद शिजवत उभी व्हती, घामानं निथळत, आन् हिकडं तिच्या जागी सुपारीला हळद लागून राहिली व्हती. लोकं जेवता जेवता हळहळले, "बिच्चारे गुरुजी, बायको सदा आजारी." गुरुजींनी ती हळहळ बी गिळली, बुंदीबराबर! पण माणूस वाईट न्हाई, खरंच सांगतो.

निरोप समारंभाला बी तेच. स्टेजवर दोन खुर्च्या, एकीवर गुरुजी, दुसरी रिकामी. शाल यांच्या खांद्यावर, नारळ यांच्या हातात, आन् गुरुजींच्या मॅडमसाठी म्हणून आणलेली मोरपंखी साडी बी यांच्याच मांडीवर. सूत्रसंचालक माइकवर, "यशस्वी पुरुषामागं एक स्त्री असते!" सगळ्यांनी मागं वळून पाह्यलं. मागं मंडपवाला उभा!

तर सोमेश्वर बाबूला ती पंगत ध्यानात. गुरुजी म्हणले, "बाबू, तिची तब्येत..." तर तो पटकन म्हणला, "गुरुजी, पूजेला सुपारी चालते. पेन्शनला सुपारी चालत न्हाई!"

आता करावं काय? पगार बंद झालेला, पेन्शन अडकलेली. कुलदीपला पुण्याला फोन लावला तर पोरगं म्हणलं, "पप्पा, मम्मीला घेऊन जा ना. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! पोरांना सांगावं तरी कसं?

मग गुरुजी गेले कादरभाईच्या स्टुडिओत. कादरभाई म्हणजे कॉम्प्युटरचा जादूगार. पोरांना कोट चढवतो, टाय चढवतो, मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे उघडून देतो. गुरुजींनी आवाज बारीक केला, "कादरभाई, बायकोचा फोटो हाय, पण आधार कार्डावरला. तेवढा मला जोडून द्या. आन्... जरा साडीत पाहिजे." कादरभाई म्हणला, "गुरुजी, टेन्शन नका घेऊ! अपने पास सब हाय. पैठणी हाय, नऊवारी हाय, कौनसी लगाऊं?" आन् लागला माऊस फिरवायला. डोक्यावरची ओढणी कापली तर केस बी गेले, बाईला टक्कल पडलं! मग कुणाचे तरी केस आणून लावले, तर ते ब्युटी पार्लरचे, कुरळे. खाली हिरवी पैठणी नेसलेलं कुण्या नव्या नवरीचं धड. त्याला गुरुजी चिकटवले. "बघा, लाखात एक जोडी!"

गुरुजींनी तो फोटो टेबलावर ठेवला. सोमेश्वर बाबूनं जवळ धरला, लांब धरला, उजेडात धरला. "गुरुजी, ह्या कोण?"

"बायको," गुरुजी म्हणले. हां, बिनधास्त! अजिबात अडखळले न्हाईत.

"चेहरा आजीचा, खांदे नातीचे. डोकं एकीचं, धड दुसरीचं. पेन्शन कुणाच्या नावानं काढू, डोक्याच्या का धडाच्या?" सगळं ऑफिस हसाया लागलं. चहावाला बी हसला. "हे पहा गुरुजी, साहेब स्वतः पाहून फोटोवर शिक्का मारणार, की ही यांचीच बायको. तवा त्यांना समोर आणा. धडासहित!"

संपलं. गेले गुरुजी तांड्यावर. वार शनवार नव्हता, म्हणून कुत्रं बी भुंकलं. रुख्मिणीबाई अंगणात हळकुंडं वाळत घालत व्हती. बोलणं झालं गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, मी तुमाला मराठीत सांगतो. गुरुजींनी पिशवीतून ती मोरपंखी साडी काढली. "ही घे. ही नेस आन् उद्या हिंगोलीला चल. फोटो काढायचाय."

"कुणी दिली साडी?"

"शाळेनं. तुला दिली."

"मला कुठं वळखतात ते?"

आता या सवालाला उत्तर कोणत्या गाईडमध्ये सापडंल, सांगा बरं!  मग गुरुजींनी हळूच सगळं सांगितलं, जोडीचा फोटो, साहेब, शिक्का, तुझ्याशिवाय पेन्शन सुटत न्हाई. ती म्हणली, "सरकारनं बोलावलंय व्हय? मग येते की. तुमी कवा बोलावलंच न्हाई." आन् साडी घडी मोडल्याबिगर परत दिली. "फोटो साडीचा काढायचा आसंल तर साडी घेऊन जा. माझा काढायचा आसंल तर मी माझ्या कपड्यात येईन."

दुसऱ्या दिवशी आली! पेटीतला ठेवणीतला फेटिया, सगळे आरसे लखलखीत, झाडून सगळी चांदी अंगावर. हिंगोलीच्या स्टँडवर उतरली तर उन्हात अशी चमकली की रिक्षावाले बाजूला झाले. आन् गुरुजी? गुरुजी पुढं! सवय हो, जुनी सवय, लांब लांब टांगा टाकत पुढं, ते बी मेन रोडनं न्हाई, मागल्या बोळातून. पाठीमागून चांदी वाजून राहिलेली, आन् त्या वाजण्याची त्यांना लाज वाटत व्हती, आन् अशी लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटत व्हती, एकावर एक नुसती चळत! चळतीखाली माणूस पार दबून गेला.

स्टुडिओत बाई खुर्चीवर ताठ बसली. कादरभाईनं क्यामेऱ्यातून पाह्यलं आन् म्हणला, "वा भाभी! तुमाला कॉम्प्युटर नकोच. गुरुजी, तुमी जरा सरका ना जवळ! दोघांच्या मधून अकोल्याची गाडी जाईल." सरकले गुरुजी. सरकले म्हणजे खुर्चीचा पाय सरकला, गुरुजी हाय तिथंच.

आन् मग ऑफिस. साहेब नवीन, तरणा. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात शिक्का. त्यानं बाईकडं पाह्यलं, गुरुजींकडं पाह्यलं, आन् सहज विचारलं, "या तुमच्या कोण?"

तुमाला सांगतो... हाच सवाल गुरुजींना याआधी एकदा झाला व्हता. नोकरीचं पहिलं साल, कळमनुरीकडची ती शाळा. भर दुपारी रुख्मिणीबाई कडेवर कुलदीपला घेऊन, डोक्यावर भाकरीचं गठुडं घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. सणाचं गोडधोड केलं व्हतं, नवऱ्याला द्यावं म्हणून चालत आलेली. हेडमास्तरांनी विचारलं, "या तुमच्या कोण?" आन् गुरुजी म्हणले, "आमच्या शेतावरच्या बाई हायेत. डबा आणलाय." तिला मराठी समजत न्हाई, असं त्यांना वाटलं. तिनं गठुडं खाली ठेवलं, पाणी बी न पिता लेकरू घेऊन माघारी गेली. त्यावर एक शब्द कवा बोलली न्हाई. फक्त त्यानंतर ती कोणत्या शाळेत आली न्हाई, खोलीवर आली न्हाई, हिंगोलीच्या घरात बी तिनं पाऊल ठेवलं न्हाई. आन् गुरुजी उगं समजत राहिले, की आपण बहाणे सांगतो म्हणून ती येत न्हाई. हितं मला म्हणायचं व्हतं, की माणूस वाईट न्हाई... पण ऱ्हाऊ द्या.

तर साहेब शिक्का धरून बसलेला.  "ह्या... ही..." त्या खोट्या फोटोवर बोट ठेवून बायको म्हणले व्हते की बिनधास्त! आन् खरी शेजारी उभी तर जीभ टाळूला चिकटली. बाई त्यांच्याकडं पाहत बी नव्हती, शिक्क्याच्या शाईकडं पाहत व्हती. आन् एकदम गुरुजी ओरडलेच, "बायको हाय माझी! रुख्मिणी! हिनं ऊस तोडून मला शिकवलं साहेब, आन् मी हिला लपवून ठेवलं, हिच्या जागी सुपारी मांडली, मला लाज वाटायची हिची, लाज..."

 टायपिंग थांबलं. साहेबानं हळूच पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सोमेश्वर बाबू म्हणला, "गुरुजी, एवढं सांगायचं काम न्हाई. कागदावर 'पत्नी' एवढ्यापुरतीच जागा हाय." आन् ठप्प! बसला शिक्का.

बाहेर पडले तर गुरुजी हलके झालेले, डोळे ओले. पहिल्यांदा बायकोच्या बराबरीनं चालले, मेन रोडनं, सगळ्या दुकानांसमोरून. ओळखीचं कुणी दिसलं की स्वतःच थांबून सांगायचे, "ही आमची मंडळी!" लोकं म्हणायचे, "अरे वा, तब्येत सुधारली वाटतं!"  स्टँडवर तिला खिडकीची जागा धरून दिली आन् खाली उभं ऱ्हाऊन गुरुजी म्हणले, "रुख्मिणी, आता तांड्यावर काय हाय? हिंगोलीच्या घरी ये. कायमची."

"येईन की," ती म्हणली.

गुरुजींचा चेहरा असा फुलला, असा फुलला! "कवा येशील?"

गाडी सुरू झाली. तिनं ओढणी सावरली, खिडकीतून वाकली आन् शांतपणानं म्हणली, "तुमी गेल्यावर. आता सरकार वळखतं ना मला."

गाडी गेली. गुरुजी धुराळ्यात तसेच उभे. आन् आता रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमालाच समजावून सांगतात, "बरं, निदान येईन तर म्हणली!"