हनुवटीवरचं गोंदण

सत्तावन्न साल. बायको गेल्यावर तिचा घरात होता तो एकच फोटो मी मोठा करून रंगवायला बारामतीच्या स्टुडिओत दिला. सणसरहून तो आणायला गेलो, तर पडद्याच्या फटीतून दिसलं, सावळाराम पेंटरचा उजवा हात गळ्यात बांधलेला. आत तो आपल्या बायकोला एअरब्रश शिकवत होता. मी बाकावर बसलो.

“आधी नुसती हवा सोड, सिंधू. मग रंग. आन् हात थांबवू नगंस.”

“माहेरी डाळिंबावर पंपानं औषध मारलंय मी.”

“झाड भिजवायचं असतं. कागद भिजला की ओघळ आलाच.”

“वीतभर लांब धरलाय, बघा की! तुमी पायानं हवेचा पंप मारा, बाकी माज्यावर सोडा.”

“रंग दुधावानी पातळ केलास न्हवं?”

“केलाय. गालावर कसा बसलाय?”

“झ्याक. आता हनुवटीवरनं फिरव. गोंदण झाकून टाक.”

“गोंदण काय डाग हाय व्हय? त्यावर कागुद ठिवून फवारते, म्हंजी झाकायचं न्हाय.”

“अगं, मडमेवानी साफ चेहरा केला की गिऱ्हाईक खूश हुतंय.”

“बायकू दिऊन मडम न्यायला आल्यात का ते?”

“बरं बाई. मग ठिपक्याएवढं कागदाचं तुकडं काप. तीन कापतीस का चार? फोटोत गोंदणाचं ठिपकं नीट दिसत न्हाईत.”

“पाच,” मी बाकावरूनच म्हणालो.