शिमेवरचा रोट

गणपत टेंपो घेऊन केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होता. खिडकीखाली आरोग्य केंद्रातल्या सुप्रिया सिस्टर म्हाताऱ्या भिकाजीशी बोलत होत्या.

"काकी सारख्या आजारी पडतात. त्यांना खायला काय देता?"

"मऊ मऊ गो बाय. दुधात बुडयलेलो पाव. सा म्हयने झाले."

"नाचणी, चवळी, कणगीचे कंद?"

"ती पचनत नाय म्हणान बंद केलंय."

"अहो, त्यातलं जे आपल्याला पचत नाही, त्यावरच आतड्यातले जीव जगतात. कोट्यवधी आहेत."

"आमच्या पोटात? आमका न विचारता?"

"जन्मापासून. त्यांचं पोट भरलं की आतड्याची भिंत घट्ट राहते. रोगाशी झुंजायला शरीराला बळ येतं."

"आणि उपाशी रवले तर?"

"मग ते भिंतीवरचा लेपच खायला लागतात."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"घाबरलात काय, काका?"

"चाळीस वर्सां गावच्या शिमेर राखणदाराक निवेदाचो रोट दितंय. एक वर्स चुकाक नाय. आणि घरात बायलेच्या पोटातले इतके राखणदार सा म्हयने उपाशी ठेवलंय!"

"अजून वेळ गेली नाही. थोडं थोडं सुरू करा."

"आजच कणगी उकडतंय. पण रोट दिताना आमी नाव घेतव. हेंची नावां काय?"

"सगळ्यांची नावं अजून कुणालाच ठाऊक नाहीत, काका."

बोट धक्क्याला लागली. मागून हॉर्न वाजू लागले, तरी गणपत टेंपो हलवेना. खाली म्हाताऱ्याने हात जोडले होते.

"मगे जे कोण आसाशात, तेंनी जेवान घेवा रे बाबांनो."