हातानं आवळलेली क्लिप

ताई : मी काही गाडीचं विमान कर म्हणत नाहीये, छोट्या. पाय दाबला की निघाली पाहिजे, एवढंच. तो मधला एक क्षण नको मला. दाबलंय, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, आणि मग एकदम उसळी.

छोट्या : डिझेलचा टर्बो आहे, ताई. इंजिनाचा धूर जोरात आला की तो फिरणार, फिरला की हवा आत ढकलणार. तेवढा वेळ लागतोच. त्यात तुझी ऑटोमॅटिक.

ताई : हे तू चौथ्यांदा सांगतोयस. पाठ झालंय मला. त्याला लॅग म्हणतात, थोडा असतोच, पाय हळूहळू दाबावा. गाडी लवकर उचलावी म्हणून पेडलला ती इलेक्ट्रॉनिक डबी बसवलीस तेव्हाही हेच ऐकवलंस. मला तो कमी करून हवाय. लोक कॉम्प्युटर लावून करून घेतात, मी बघितलंय मोबाईलवर.

छोट्या : रीमॅप. तुला नको ते.

ताई : का? माझ्या हातात आणखी जोराची गाडी द्यायची भीती वाटते?

छोट्या : तसं नाही गं.

ताई : वाटू दे. सगळ्यांनाच वाटते. तुझ्या दाजींनी रविवारी भर पंगतीत सांगितलं, हिच्या गाडीत बसायचं तर विमा काढून बसा. पाहुणे हसले. मीही हसले. काय करणार?

छोट्या : दाजी असं म्हणाले?

ताई : चुकीचं काय म्हणाले? मी रोज शाळेत सोडते ती सहा पोरं गाडीत. चौक ओलांडायला निघाले आणि मध्येच गाडी लुळी पडली. मागे काळा धूर, समोरून टँकर. हातभर अंतरावर येऊन थांबला तो. सगळी पोरं किंचाळली. दोन वेण्यांची ती बारकी आहे ना, तिनं सीट ओली केली. आणि घरी जाऊन आईला सांगितलं, काकूंना गाडी चालवताच येत नाही.

छोट्या : ताई...

ताई : ऐक तर. आज चारला शाळेत बोलावलंय. मुख्याध्यापिका बाई ठरवणार, माझी गाडी ठेवायची की काढायची. म्हणून आले. म्हणजे सांगता येईल, बाई, चूक माझी होती, पण गाडीतही सुधारणा करून घेतली. आणि सरावही करतेय म्हणावं. हसू नकोस हं, रोज सकाळी शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय दाबते. हळू, हळू, मग जोरात.

छोट्या : मशीनवर?

ताई : फरक पडलाय रे! गेल्या आठवड्यापासून बरी निघते गाडी. हे म्हणालेसुद्धा, बघ, गाडी तीच, पाय शिकला. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. थांब, बाईंना पत्र लिहिलंय, वाचते. तुला शुद्धलेखनातलं ओ की ठो कळत नाही, नुसतं ऐक.

छोट्या : नको वाचूस.

ताई : "सोळा तारखेला चौकात जो प्रकार घडला, तो सर्वस्वी माझ्या निष्काळजीपणामुळे घडला. ऑटोमॅटिक गाडीचा अंदाज मला अजून..."

छोट्या : फाड ते पत्र.

ताई : वाईट लिहिलंय का?

छोट्या : पाय नाही शिकला, ताई. मी क्लिप आवळली.

ताई : कुठली क्लिप?

छोट्या : टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी मी तो काढला होता. लावताना क्लिप हातानंच आवळली, म्हटलं शेवटी पाना मारू. तेवढ्यात फोन आला. राहून गेलं. टर्बो हवा ढकलायचा आणि ती वाटेतच निघून जायची. तुझा पाय बरोबर होता. पहिल्या दिवसापासून.

ताई : कधी कळलं तुला?

छोट्या : चौकातलं झाल्यावर. दाजी गाडी घेऊन आले तेव्हा. पाइप अर्धा निघून लोंबत होता.

ताई : पण हे घरी येऊन म्हणाले, छोट्यानं सगळं तपासलं, गाडीत काहीच नाही.

छोट्या : मीच तसं सांगितलं.

ताई : का रे?

छोट्या : दोन गिऱ्हाइकं उभी होती. दाजी त्यांना सांगत होते, आमच्या मेहुण्यासारखा मेकॅनिक शोधून सापडणार नाही. माझी जीभच रेटेना. पाना घेतला, क्लिप आवळली, हात पुसले.

ताई : आणि मी गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले. म्हटलं, पायातच काहीतरी दोष असेल. त्यांनी गोळ्या दिल्या. रोज घेतेय.

छोट्या : लाज वाटते, ताई. तुझी गाडी वळताना दिसली की मी दुसऱ्या कुठल्यातरी गाडीखाली जाऊन पडतो. काम नसलं तरी.

ताई : मला वाटायचं, केवढं काम असतं पोराला! बरं, ते राहू दे. तू आत्ता माझ्याबरोबर शाळेत चल आणि हे सगळं बाईंना सांग.

छोट्या : येतो.

ताई : पण ऐकतील का? म्हणतील, भाऊच तो, बहिणीला सांभाळून घ्यायला आलाय. दुसरं कोणी होतं पाइप बघायला?

छोट्या : कोणी नव्हतं. पण दाखवण्यासारखं आहे एक.

(छोट्या आतून गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर आणतो आणि तिच्याकडे न बघता तिच्या हातात देतो.)

ताई : काय हे? माझ्या गाडीचा नंबर. बूस्ट प्रेशर कमी. म्हणजे?

छोट्या : हवा कमी पोचतेय. गाडीनं स्वतः केलेली तक्रार. गाडीतून मी ती पुसली होती, पण यंत्रात राहते.

ताई : मग अडलंय कुठे! एवढं दाखवलं की बाई... थांब. यावर तेरा तारीख आहे.

छोट्या : हो.

ताई : चौकातलं सोळाला झालं.

छोट्या : हो.

ताई : तेराला मी आले होते तुझ्याकडे. गाडी उचलत नाही म्हणून. तू ती डबी बसवलीस.

छोट्या : हो.

ताई : हो हो काय लावलंयस? तुला आधीच माहीत होतं?

छोट्या : हवा कुठेतरी गळतेय एवढं कळलं होतं. कुठे, ते शोधायला सगळं उघडावं लागलं असतं. बाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या. म्हटलं, ताईचीच तर गाडी आहे, रविवारी निवांत बघू. तक्रार पुसली, डबी लावली आणि तुला पाय हळू दाबायला सांगितलं.

ताई : ताईचीच तर.

छोट्या : हो.

ताई : परक्याची असती तर?

छोट्या : त्याच दिवशी उघडली असती.

ताई : सहा पोरं होती रे आत.

छोट्या : माहितीये.

ताई : नाही माहीत तुला. तू तो आवाज ऐकला नाहीस. मी अजून ऐकते, भाजी चिरतानासुद्धा. वर वाटतं, आपण केलं हे. आपल्यामुळे झालं.

छोट्या : तू नाही केलंस, ताई. मी केलं.

ताई : तारखेचं लपवता आलं असतं तुला. नुसत्या क्लिपवर भागवलं असतंस.

छोट्या : तेवढ्यावर तुझं कोणी ऐकलं नसतं. हेच एक आहे, ज्यात तुझी चूक नाही असं लिहिलंय.

ताई : हे बघितल्यावर शाळेच्या दोन्ही बस दुरुस्तीला तुझ्याकडे यायच्या थांबतील.

छोट्या : थांबतील.

ताई : आणि यांना कोण सांगणार?

छोट्या : मीच. आज संध्याकाळी येतो.

ताई : संध्याकाळी नको. रविवारी ये. सगळे ताटावर बसले की सांग.

छोट्या : पाहुण्यांसमोर?

ताई : मला ऐकवलं तेव्हाही ते होतेच की.

छोट्या : ...येईन.

ताई : साडेतीन वाजले. चल. दे किल्ली.

छोट्या : हात धुऊन कपडे बदलतो. मीच चालवू का? तू दमली असशील.

ताई : चालवते मी. गाडी ठीक आहे ना आता? खरं सांग.

छोट्या : पान्यानं आवळलीय. आज सकाळी तू गाडी इथे ठेवून गेलीस, तेव्हा पुन्हा बघितली.

ताई : मग ये कपडे बदलून.

(छोट्या कपडे बदलून येतो आणि गाडीचं पुढचं दार उघडतो.)

ताई : अरे, पुढचं दार कशाला उघडतोस?

छोट्या : तुझ्या शेजारी बसतो की.

ताई : पुढे नको. मागे बस, पोरं बसायची तिथे.