तिघांना हसवतील अशी पुस्तकं

नाही नाही, उठू नका हो, बाळ दूध पितंय तर पिऊ दे निवांत — मी काही वेडी बाई नाही, आणि विकायला तर मुळीच काही आले नाहीये. तुम्ही आत्ता त्याला "पुरे रे सोन्या" म्हणालात ना, ते कानावर पडलं आणि माझ्या जिवात जीव आला. सकाळपासून मी या लायब्ररीत भिरभिरतेय, कुणाला विचारायचं, कसं विचारायचं — आणि देवाने मराठी माणूस पाठवला, तेही लहान मुलाची आई! मला पुस्तकं निवडून द्या. एक साडेतीन वर्षांच्या पोरीला — ती बघा, खांबाशी उभी आहे ना पिवळ्या जाकिटातली, ती आमची तनू, नात माझी — एक आठ वर्षांच्या मुलाला, साकेत त्याचं नाव, आणि एक... मोठीचं नंतर बघू. आधी या दोघांचं. फक्त मजेची हवीत हं. तात्पर्य नको, एबीसीडी नको, बेरीज-वजाबाकी तर दारातसुद्धा नको. पोरं हसली पाहिजेत. आणि आत्ताच हवीत, दुपारी तीनच्या आत.

का म्हणजे? आलीत ना माझ्याकडे, सुट्टीला. — शाळा चालू आहे? हो, आहे चालू, म्हणजे... हुशार आहात हो तुम्ही. बरं, खरं सांगते. सुट्टीला नाही आली. माझी मालविका, एकुलती लेक माझी, आणि जावई — दोघंही मोटरवेवर अपघातात गेले. ऑक्टोबरात. नका, काही बोलू नका, जो तो "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणतो आणि मला कानात बोटं घालून ओरडावंसं वाटतं. तेव्हापासून तिघं माझ्याजवळ आहेत, इथेच कॉव्हेंट्रीत, माझ्या टेरेस्ड, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतल्या घरात. आता ती कायमची कुणाकडे राहायची ते कोर्ट ठरवणार, आणि त्याआधी कौन्सिलची बाई घर बघून जाते — सारा म्हणून आहे, सोशल वर्कर. आज यायचीये. शेवटची भेट, मग ती रिपोर्ट लिहिणार. इकडे मी, एकटी, गुडघे गेलेले, आणि तिकडे लीड्सची त्यांची आत्या, अनुराधा. हॉस्पिटलात डॉक्टर आहे, घर मोठं, मागे बाग, बागेत झोपाळा. माय मरो पण मावशी जगो म्हणतात — आत्याचं कुणी काही म्हणून ठेवलं नाहीये, पण ही आत्या चांगली आहे हो, तेच तर दुखणं आहे! वाईट असती तर पदर खोचून भांडले असते मी. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं ते सांगा.

पुस्तकांचा काय संबंध, विचारताय? अहो पुस्तकांनीच घात केला माझा! गेल्या खेपेला सारा आली, चहा प्यायली, चिवडा दोनदा घेतला, मी मनात म्हटलं, जमलं. तर म्हणते, मुलांची पुस्तकं दाखवा. म्हटलं, बघच म्हणावं! शोकेस उघडलं — काचेचं आहे, कुलूप असतं, नाहीतर धूळ बसते — आणि एकेक काढून मांडायला लागले. साकेतची इलेव्हन-प्लसची, म्हणजे अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेची, प्रॅक्टिस बुकं, मॅथ्स काय, व्हर्बल काय, झाडून सगळी, आत्तापासूनच, ग्रामर स्कूल काय झोपेत मिळतं? मायराला, मोठीला, सायन्सचा हा जाडजूड कोश. तनूला गिरवायची पुस्तकं. सगळ्यांना खाकी कव्हरं, वर नावाची लेबलं, एक कोपरा दुमडलेला दिसेल तर शपथ. मी आपली शाबासकीची वाट बघत उभी! आणि साराबाई विचारतात काय — "विच वन्स आर फॉर फन?" मजेसाठी कुठली? आमच्याकडे पुस्तक म्हणजे विद्या, मजेला खेळणी असतात ना! मालविकाला मी असंच वाढवलं, बेकरीच्या कारखान्यात ब्रेडच्या लाइनवर उभी राहून वाढवलं, अकाउंटंट झाली माझी पोर. पण हे साराला कुठलं पटायला. म्हटलं, "ऑल. ऑल आर फन." साकेतने माझ्याकडे असं बघितलं ना...

आणि तेवढ्यात तनूचा पाय लागला. पुस्तकं खाली मांडलेली, पोर धावत आली, लागणारच. मी नेहमीसारखं म्हटलं, तनू, पाय लागला, नमस्कार कर. नेहमीचं आहे हो ते! तुम्हीही करत असाल ना अजून? करता ना? बघा, हात आपोआपच जातो. पण ही बसली खाली, डोकं टेकलं पुस्तकावर, आणि "सॉरी बुक, सॉरी बुक, सॉरी बुक" — थांबेचना. रडायलाच लागली. साराचा चेहरा पांढराफटक. मला विचारते, "इज शी बीइंग पनिश्ड?" शिक्षा! मी सांगायला लागले, सरस्वती, नॉलेज, रिस्पेक्ट — पण माझं इंग्लिश बेकरीत शिकलेलं, त्यात सरस्वती कुठून बसायची? तिने समजल्यासारखी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिने लिहिलं तेच वाईट झालं. आणि आता बघा की तिकडे — तो गोरा पोरगा पुस्तक चावतोय, चक्क चावतोय, आणि आई त्याची कौतुकाने फोटो काढतेय! नि आमची तनू हात मागे बांधून खांबाला चिकटलीये. इतकी पुस्तकं समोर पसरलीत आणि पोर हात लावत नाही.

हे? हे चालेल तिला? अगंबाई, याला भोकं आहेत... बोटं घालायची होय त्यातून? आणि बोट म्हणजे सुरवंटाचं नाक? बरं बरं, घेऊ. लाजायचं नाही म्हणता. आणि साकेतला? — काय, पादण्याचं? शी! अख्खं पुस्तक त्याच्यावर? कागद तरी कसा धजला हो! — हसतात म्हणता? सगळी आठ वर्षांची मुलं? खात्रीने? ...ठेवा. ठेवा पिशवीत. घटकाभर डोळे मिटून घेईल सरस्वती. माझी लाज गेली तरी चालेल, माझी मुलं जायला नकोत.

मोठीचं राहू दे म्हटलं ना. मायरा तेरा वर्षांची आहे, तिला काय आवडतं मला काय ठाऊक! खोलीचं दार लावून बसते. तिला नको पुस्तक. आता एकच पुस्तक तेवढं शोधून दे मला — तुला अगं-तुगं करतेय गं मी, रागावू नकोस, माझ्या मालविकाहून लहान दिसतेस. असं बघ, रोज संध्याकाळी लीड्सहून आत्याचा व्हिडिओ कॉल येतो. ती डॉक्टरबाई तिकडे गालिच्यावर पालथी पडते, ही तिघं इकडे पालथी, आणि ती वाचून दाखवते त्यांना. परवा मी दुधाचे कप घेऊन वर गेले आणि दाराबाहेर थबकले. हसत होती गं. तिघंही. साकेत तर ठसका लागेपर्यंत. मायरासुद्धा! ऑक्टोबरपासून माझ्या घरात कुणी हसलेलं नाही, मी तर नाहीच. आत गेले तर थांबतील म्हणून गेले नाही, तिथेच उभी राहिले, दुधावर साय धरली तरी उभीच. मग साकेतला हळूच विचारलं, कुठलं रे पुस्तक ते? तर म्हणतो, "आजी, यू वोन्ट गेट इट." तुला नाही कळायचं म्हणे. लाल कव्हर, त्यावर उंट, एवढं दिसलं होतं फटीतून. तेच हवंय. तेच मिळालं ना, की आज सारासमोर मी वाचणार, ही तिघं अशीच हसणार, आणि सारा ते लिहिणार. पाच मिनिटं हसली तरी पुरे. माझं दुसरं काही मागणं नाही.

काय? कुठे? तुझ्या मागेच? आण, आण बघू — थांब, चष्मा — हाच! हाच गं तो उंट! काय पांग फेडलेस बाई! तनू, ये इकडे, पळत ये, आजी वाचणार. बस. ऐक हं. "द कॅमल गोज टू द बार्बर." उंट न्हाव्याकडे जातो. खुर्चीत बसतो. आणि... शिंकतो. "अचू." पुढे — न्हावी कात्री घेतो, उंट शिंकतो. "अचू." पुढे — पुन्हा शिंकतो. सगळं पुस्तकभर शिंकाच? यात काय आहे गं हसण्यासारखं? काही चुकतंय का माझं वाचताना? तनू, बघ, अचू! अचूऽऽ! ...नुसती बघतेय. अगं, हस ना. हस ना राणी, तिकडे हसतेस ना? आजीकडे काय आहे असं रडवणारं? हस गं, एकदाच, आजीसाठी —

नाही, मी रडत नाहीये. तू धर. तू वाच तिला, तुझा आवाज तरी बरा आहे. ...

...हसली. बघितलंस? तुझ्या बाळाच्या नाकावर तू पुस्तक टेकवलंस आणि ही हसली. तुझी नि तिची ओळख तासाभराचीसुद्धा नाही.

मोठीचं विचारलंस ना मघाशी? सांगते. सारा गेल्या वेळी मायराशी एकटीशी बोलली, खोलीत. ऐकू नये ते मी ऐकलं. साराने विचारलं, तुला स्वतःला कुठे राहायचंय? पोर म्हणाली, "राइट दॅट वी वॉन्ट टू स्टे हिअर. इफ वी गो, आजी वोन्ट हॅव एनीवन." आम्ही गेलो तर आजीला कुणी नाही उरणार. म्हणून राहायचंय गं तिला! तेरा वर्षांची पोर, आई-बाप गेलेले, आणि ती मला सांभाळायला बसलीये. त्या लहानग्यांनाही तिनेच पढवलं असणार, तिथे हसा, इथे गप्प राहा, आजीला वाईट वाटेल. मी म्हटलं, ठीक आहे, इथे राहायचंय हे आजपर्यंत खोटं असेल, पण मी ते खरं करून दाखवते. पुस्तकं आणते, कुलूप फेकून देते, गालिच्यावर पालथी पडते, गुडघे मोडले तर मोडले. तीन वाजेपर्यंत खरं करायचं होतं मला ते.

काय म्हणालीस? त्यांना जाऊ... — नको, ऐकलं मी. पुन्हा नको म्हणूस. बोलायला काय जातंय तुझं, तुझं तर मांडीवर आहे! तू जा आता. बाळ झोपलंय तुझं, बाबागाडीत घाल आणि जा. नाही, घरापर्यंत सोडायला नको, पाणी नको, काही नको. जा म्हणते ना!

तनू. ये बाळा. ते उंटाचं घे. साराला दाखवायला नाही गं, तुला. साकेतचं ते घाणेरडंही राहू दे पिशवीत. आणि ताईला काय आवडतं ते तुला तरी माहीत आहे का? मग चल, आपण दोघी शोधू तिच्यासाठी एक. चांगलं जाड बघू, पुष्कळ दिवस पुरेल असं. आणि तुला अजून हवी असतील तर घे, ती खालची घे, हवी तेवढी घे. गाडीत कंटाळशील, लीड्स लांब आहे.